अंगणाचं बूच

जमाईषष्ठी, म्हणजे बंगाल्यांचा ज्येष्ठातला जावयांचा सण, उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात एक विधी होतो. तो कुठल्याच पंचांगात सापडायचा नाही, बंगाल्यांच्याही नाही आणि आपल्याही नाही. तळमजल्यावरच्या मासिमा न्हाऊनमाखून अंगणात खुर्ची टाकून बसतात. माझी बायको सुलभा शंख फुंकते. तो शंखासारखा वाजत नाही, मिनीबसच्या ब्रेकसारखा वाजतो. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फाटकाजवळच्या चेंबरमध्ये उतरतो आणि तिथल्या पाइपच्या तोंडावरचं पंजाएवढं बूच काथ्याच्या दोरीनं ओढून काढतो. वरच्या मजल्यावरून घोषालदा टाळ्या वाजवतात. मग सगळ्यांना मिठाई वाटली जाते.

या विधीचा मूळपुरुष मी. म्हणजे काही देवळांच्या कथेत एक राक्षस असतो ना, ज्याला तुडवल्यावर देवाला ती जागा आवडली आणि तो तिथेच राहिला, त्या अर्थानं मूळपुरुष.

यंदाही ज्येष्ठ आला आहे. हवा अशी झाली आहे की अंग पुसलेला पंचाच पुन्हा अंगावर पांघरल्यासारखं वाटावं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालून झाले, तरी मीठ काही बरणी सोडायला तयार नाही. पापड तळून ताटात येईपर्यंत मान टाकतात. कपाटातल्या माझ्या काळ्या बुटांवर हिरवट लव धरली आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याला आलेली ही एकमेव शेती. खिडकीत उभा राहिलो की खाली ते अंगण दिसतं. राखाडी ठोकळे, त्यांच्या फटींतून बारीक खडी, कोपऱ्यात प्राजक्त. दिसायला अगदी साधं, एखाद्या सरकारी कचेरीचं असावं तसं. पण या अंगणानं माझी जेवढी शोभा केली, तेवढी बँकेच्या ऑडिटरांनाही जमली नव्हती.

बदल्या होत होत आम्ही कोलकात्याला आलो आणि इथेच राहिलो. मला गावाकडचं ऊन सोसेना, सुलभाला इथले मासे सोडवेनात. बालीगंजमधल्या एका जुन्या तिमजली घराचा मधला मजला घेतला. वर घोषालदा, अलिपूर कोर्टातले निवृत्त वकील. त्यांच्याकडे एक म्हातारी गाडी आहे; ती ते चालवत नाहीत, फक्त रोज पुसतात. आणि खाली मासिमा. हे घर मुळात त्यांच्या सासऱ्यांचं. वरचे मजले विकले गेले, तळमजला आणि जमिनीतला मोठा वाटा त्यांच्याकडे राहिला. ऐंशीच्या घरातल्या, बोटभर उंचीच्या, पण बोलल्या की तिन्ही मजले ऐकतात. त्या बंगालीत बोलतात, मी हिंदीत बोलतो आणि वादाच्या वेळी आम्ही दोघंही हातवाऱ्यांवर येतो. माझं आडनाव माने. बंगाली माणूस वाक्यात श्वास घ्यायला थांबला की ‘माने’ म्हणतो; त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘म्हणजे’. पहिलं वर्षभर मी रस्त्यातून सारखा मागे वळून बघत चाललो.

आमच्या जुन्या अंगणात सिमेंटचा कोबा होता, आणि त्याचा उतार बरोब्बर मासिमांच्या दाराकडे. पाऊस पडला की पाणी सरळ त्यांच्याकडे पाहुणचाराला जायचं. त्यांचा भलामोठा पलंग विटांवर चढवलेला. पावसाळ्यात त्या त्यावर बसून मुडी, म्हणजे इथले कुरमुरे, खात पाणी ओसरायची वाट बघत. पण एका वर्षी पाणी त्या विटांनाही चढलं आणि भिंतीशी उभा ठेवलेला त्यांच्या यजमानांचा तानपुरा खालून फुगला. तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “पुढच्या पावसाळ्यात पाणी माझा उंबरा ओलांडून आत आलं, तर मी बाबुआला हो म्हणणार.”

बाबुआ हा त्यांचा बंगळूरचा मुलगा. घर प्रमोटरला द्यावं आणि आईनं आपल्याकडे यावं, हा त्याचा जुना धोशा. प्रमोटर म्हणजे इथला बिल्डर; त्याची मिठाई दर पूजेला न चुकता येत होती. मासिमांनी हो म्हटलं की आम्ही वरचे दोघं किती दिवस नाही म्हणणार? घोषालदांनी चहाचा कप खाली ठेवला. सुलभा माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, म्हणालो, “अंगण माझ्यावर सोपवा.”

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी उच्चारलं आहे. अंगण हा शब्द बदलायचा, पुढचा इतिहास तोच.

प्रत्येकाचं अंगण प्रत्येकाच्या डोक्यात आधीपासून घालून ठेवलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. मासिमांना लाल सिमेंट हवं होतं, घोटून घोटून आरशासारखं केलेलं, त्यांच्या माहेरी होतं तसं. घोषालदांना चकचकीत टाइल, गाडीचं प्रतिबिंब दिसावं म्हणून. सुलभा गुहागरकडची, तिनं मान किंचित तिरकी करून “जांभा,” एवढंच म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांत सगळं कोकण उभं राहिलं. माझ्या डोक्यात कोणे एके काळी शहाबादी फरशी होती. पण मध्यंतरी मी एक व्हिडिओ पाहिला होता. एक टँकर रस्त्यावर धो धो पाणी ओततो आणि रस्ता ते पिऊन टाकतो. ओघळ नाही, डबकं नाही. पाणी पडलं आणि गेलं! तो व्हिडिओ मी इतक्यांदा बघितला की सुलभा संशयानं म्हणाली, “अहो, एवढं काय बघताय ते मला दाखवता का जरा?” दाखवला. “एवढंच?” म्हणाली, आणि कोलंबी सोलायला गेली.

तिला ‘एवढंच’ वाटणं साहजिक होतं. ती अशा गावची, जिथे पाऊस पागोळ्यांचे पडदे लावून महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे ढग यायचे, थोडे थांबायचे, आणि आपण चुकीच्या पत्त्यावर आलो असं समजून पुढे जायचे. पाहुणा आला की पाणी अर्धा पेला देऊ की पूर्ण, हे आई डोळ्यांनी विचारायची. अंघोळीची धोंड लिंबाच्या झाडाला टेकवलेली. माझ्या अंगावरचा साबण आणि लिंबाची वाढ यांचा थेट संबंध होता. तोंड धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भांडी विसळलेलं शेवग्याला. हात धुताना मी चुळकाभर पाणी वाटेत सांडलं, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या ओल्या डागाकडे बघत उभे राहायचे. तो डाग वाळेपर्यंत बघायचे. गावाबाहेरच्या माळावर श्रमदानानं चर खणायचो तेव्हा ते सांगायचे, “धावत्या पाण्याला चालायला लाव, चालत्याला थांबव, थांबलेल्याला जमिनीत घाल.” इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याच विषयावर ऐकलं नाही.

असा मी, आणि कोलकाता. इथे जमिनीत हात घातला तरी पाणी लागेल. पण मनातला माण असा थोडाच सुटतो.

पाणी जिरवणाऱ्या फरशीचे नमुने एस्प्लनेडजवळच्या एका दुकानात मिळतात असं कळलं. गेलो. दुकानदारानं तीन प्रकार समोर मांडले. पहिला सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, थेट शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसणारा. पाणी त्याच्या अंगातूनच आरपार जातं. दुसरा घट्ट ठोकळ्यांचा, पण दोन ठोकळ्यांमध्ये फट ठेवून तिथे बारीक खडी भरायची. पाणी फटींतून जातं. तिसरी जाळी, तिच्या खणांत माती घालून गवत लावायचं. मी प्रत्येकाचा एकेक नमुना कापडी पिशवीत घातला आणि मेट्रो स्टेशनात शिरलो.

त्या दिवशी एस्प्लनेडला कुठल्यातरी पक्षाचा मोर्चा होता. हे मला माहीत नव्हतं. पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्रावरचा जवान उठून उभा राहिला.

“ह्यात काय आहे?”

“दगड,” मी खरं ते सांगितलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पांढरे केस, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. “काका, या वयात?”

“तसे दगड नाहीत. अंगणातले आहेत. म्हणजे अंगणात घालायचे आहेत. यातून पाणी जातं.”

“दगडातून?”

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी चिक्कीचा ठोकळा बाहेर काढला, एका हातात धरला आणि पाण्याची बाटली त्यावर उपडी केली. पाणी गेलं! दगडातून आरपार गेलं आणि त्याच्या टेबलावरच्या डब्यात पडलं. डब्यात त्याचं दुपारचं जेवण होतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी मात्र एकमुखानं “बाह्!” म्हटलं. एकानं तर विचारलं, “दादा, गच्चीवर चालेल का?” जवानानं भिजलेल्या पोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, “काका, गाडी येतेय. तुम्ही जा.”

घरी आल्यावर मी प्रयोगशाळा उघडली, आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर. माघ महिना होता, ऊन कोवळं होतं. तिन्ही नमुन्यांवर तांब्यानं पाणी ओतायचं आणि कोण किती लवकर पितं ते बघायचं. बघता बघता मी रंगून गेलो. सुलभा दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग खालून आवाज आला.

“की सर्वनाश!” म्हणजे, केवढा हा घात!

बाल्कनीच्या बरोब्बर खाली मासिमांनी डाळीच्या वड्या वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेल्या, बोटांनी टोकं काढलेल्या, वर्षभराच्या वड्या. तिन्ही नमुन्यांनी आपापलं पाणी इमानदारीनं खाली सोडलं होतं. वड्यांचं पुन्हा पीठ झालं होतं.

“मासिमा, चुकलो,” मी वरून ओरडलो. “पण बघितलंत ना? पाणी थांबत नाही!”

“तुझी जीभ थांबत नाही, बाबा,” मासिमा खालून म्हणाल्या. “बौमा, याला आत घे.” बौमा म्हणजे सूनबाई, त्या सुलभाला तशाच हाक मारतात. त्या दिवसापासून माझं नाव मात्र बर्गी पडलं. बंगालवर पूर्वी स्वाऱ्या केलेल्या मराठी घोडेस्वारांचं हे नाव इथे अजून पोरांना झोपवायला उपयोगी पडतं. मी वड्या लुटल्या नव्हत्या, नुसत्या भिजवल्या होत्या. पण इतिहासात एवढा बारीक भेद कोण ठेवतो?

शेवटी निवड झाली ती एकेकाला नकार देत. गवताच्या जाळीला मासिमांनी साप आणि डास या दोन मुद्द्यांवर उडवलं. चिक्कीला सुलभानं उडवलं. ती म्हणाली, “याच्या भोकांत धूळ जाईल, प्राजक्ताची फुलं चिरडून जातील, आणि दिवाळीत मी रांगोळी घातली की सगळीच बुजतील. मग दर रविवारी टूथब्रश घेऊन कोण बसणार? तुम्ही?” उरले फटींचे ठोकळे. घोषालदांची गाडी त्यावर उभी राहू शकत होती. मासिमांनी लाल रंग मागितला. दुकानदाराकडे लाल संपला होता आणि राखाडी भरपूर होता. असा लोकशाही मार्गानं राखाडी ठरला.

मग मंडल नावाचे ठेकेदार आले. कशालाही “हो जाएगा” म्हणणारे. त्यांना काही विचारायचं म्हणजे देवळातल्या घंटेला विचारण्यासारखं. उत्तर एकच आणि आवाज मोठा. त्यांनी जुना कोबा फोडला आणि सगळं अंगण चांगलं मांडीभर खोल खणलं. खाली मोठी खडी, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर ठोकळे, अशी रचना होती. म्हणजे अंगणाच्या पोटात एक दगडांची टाकीच.

त्या खणलेल्या चराच्या काठाशी घोषालदा सकाळचा चहा घेऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, “मानेदा, बागबाजारला कधी गेलात?”

“रसगुल्ले खायला गेलोय.”

“तिथून आमच्या पूर्वजांनी एक खंदक खणायला घेतला होता. तुमचे पूर्वज येणार म्हणून. शहराच्या भोवती खणत निघाले. तुमचे लोक काही आले नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला आणि आमच्या चराकडे बोट दाखवलं. “आता एवढ्या वर्षांनी एक मराठा स्वतः आला आणि राहिलेलं काम पुरं करतोय. याला म्हणतात सभ्यता.”

खरा पेच आला तो पाइपचा. खडीच्या तळाशी भोकाभोकांचा एक पाइप घालायचा आणि तो फाटकाजवळच्या चेंबरमधून पुढे न्यायचा, असं कंपनीच्या नकाशात होतं. खाली मुरून उरलेलं पाणी त्यातून कॉर्पोरेशनच्या गटारात जाणार. मंडलनी पाइप आणून टाकला आणि माझ्यातला अण्णा जागा झाला.

“पाणी गटारातच सोडायचं होतं, तर एवढं खणलं कशाला?” मी म्हणालो. “थेंब न्‌ थेंब जमिनीत गेला पाहिजे.”

“हो जाएगा,” मंडल म्हणाले.

“अहो, नाही जायचा,” सुलभा जिन्यावरून म्हणाली. “येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नको का? आमच्याकडे घर बांधताना आधी पाण्याची पन्हळ बघतात, मग दार.”

“तुमच्या कोकणातल्या पाण्याला समुद्र गाठायची घाई असते. आमच्याकडे पाण्याला सांभाळतात.”

“तुमच्याकडे पाणी येतच नाही. त्यामुळे आल्यावर त्याचं काय करायचं हे तुम्हाला कळणार कुठून?”

हे भांडण अस्सल मराठीत चाललं होतं. मासिमांनी खिडकीतून विचारलं, “घोषाल, काय झालं यांना?”

“मराठ्यांची आपसातली लढाई आहे,” घोषालदांनी खुलासा केला. “बंगालला धोका नाही.”

तिथे ते चुकले. तह असा झाला की पाइप घालायचा, पण चेंबरमधून गटाराकडे निघणाऱ्या त्याच्या तोंडाला मी बूच बसवणार. चांगलं आट्यांचं, मजबूत बूच. मी ते सगळ्यांसमोर बसवलं. पान्यानं आवळताना छोटंसं भाषण केलं. त्यात ‘भूजल’ हा शब्द पाच-सहा वेळा आला. सारा माण तालुका जोर लावतोय असं वाटेपर्यंत आवळत राहिलो. मासिमांनी टाळी वाजवली नाही. त्या म्हणाल्या, “बाटलीला बूच लावतात बाबा. घराला लावलेलं मी बघितलं नव्हतं.”

तो श्रावण मला अजून तासातासानं आठवतो. उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला आणि पाऊस असा लागला की समोरचं घर पुसून गेलं. पहिल्या दिवशी अंगणानं माझी कॉलर ताठ केली. पाणी पडत होतं आणि नाहीसं होत होतं, अगदी व्हिडिओतल्यासारखं. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आणि आमचं अंगण नुसतं ओलसर. गल्लीतले लोक छत्र्या घेऊन बघायला आले. मी फाटकात उभा राहून माहिती देत होतो. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तर फोटो काढला. सुलभा बाल्कनीतून सगळं बघत होती. कोकणातली माणसं पावसाबद्दल पहिल्या दिवशी मत देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोकळ्यांच्या फटींतून बुडबुडे यायला लागले. आधी एक, मग इथे तिथे, मग सगळीकडे. तांदूळ रटरटायला लागावेत तसं अंगण रटरटायला लागलं. मग पाणी वर आलं. आकाशातून नव्हे, खालून! काल प्यायलेलं सगळं अंगण परत करत होतं.

कोलकात्याच्या पोटात चिकणमाती आहे आणि ती बारा महिने ओली असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि माण हाडांत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एखाद्या गच्च जेवलेल्या पाहुण्याला धरून जिलब्यांचा आग्रह करतात ना, तो हात आडवा धरतो, मान हलवतो, पाया पडायच्या बेताला येतो, तरी वाढणारा ताटात टाकतोच. तसा मी या जमिनीला आग्रह करत होतो. तिनं किती घ्यावं? आणि नको झालेलं तिनं कुठे टाकावं?

आणखी वाईट म्हणजे तोवर कॉर्पोरेशनच्या पंपांनी रस्त्यावरचं पाणी ओढून नेलं होतं. साऱ्या गल्लीत पाणी फक्त आमच्या अंगणात. लोक कोरड्या चपलांनी फाटकासमोरून जात होते आणि आत डोकावून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी आजही फोटो काढला.

मासिमांच्या दारात दगडी पायरी आहे. पायरीवर गेल्या लक्ष्मीपूजेला काढलेली लक्ष्मीची पावलं होती, तांदळाच्या पिठाच्या आलपनेतली, म्हणजे इथल्या रांगोळीतली, आता पुसट झालेली. त्यावर उंबरा. पाणी पायरीवर चढलं. मासिमा पलंगावर बसून खिडकीतून बघत होत्या, मांडीवर मुडीचा वाडगा. तानपुरा त्यांनी गादीवर आडवा निजवला होता, आजारी माणसाला निजवतात तसा. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “बाबुआचा फोन आला होता. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.”

मी छत्री टाकली आणि चेंबरमध्ये उतरलो. पाणी कमरेला. खाली वाकून बूच चाचपलं, हातात आलं, फिरवलं. हललं नाही. पाना लावला, घसरला. माझाच जोर माझ्या विरुद्ध तिथे बसला होता. वरून घोषालदा मार्गदर्शन करत होते, “डावीकडे, मानेदा! डावीकडे!”

“डावीकडेच फिरवतोय!”

“मग उजवीकडे बघा!”

तेवढ्यात सुलभा खाली आली. पदर खोचलेला, हातात काथ्याची दोरी. माहेराहून आणलेल्या नारळाच्या पोत्याचं तोंड बांधलेली. “सरका,” म्हणाली. माझ्या शेजारी त्या घाण पाण्यात उतरली, दोरीचे दोन वेढे बुचाला घातले, टोक हातावर गुंडाळलं आणि हिसका दिला. काथ्याची कुसं बुचाच्या अंगात रुतली. बूच करकरलं. आणखी एक हिसका, आणि ते सुटून वर आलं, माझ्या हनुवटीवर आपटलं आणि तरंगत घोषालदांच्या गाडीखाली गेलं. पाइपनं मोठा घोट घेतला. ग्लप! मग घशातून गुळण्या कराव्यात तसा आवाज येत राहिला, आणि अंगणातलं पाणी अगदी हळू, न दिसेल असं उतरायला लागलं.

आम्ही दोघं चिखलाच्या अवतारात पायरीपाशी गेलो. लक्ष्मीच्या पावलांच्या टाचा भिजल्या होत्या, बोटं कोरडी होती. उंबऱ्यावरून पाणी गेलं नव्हतं. पण उंबऱ्याच्या लाकडाखालून आत तळहाताएवढी ओल आली होती.

मासिमांनी त्या ओलीकडे बोट दाखवलं. “हे आत आलं की नाही?”

मग जिन्यावरून घोषालदा उतरले. वकिलीतला शेवटचा खटला लढवायला निघाल्यासारखे, बनियनवर कोट चढवून. “मासिमा, तुमची अट होती पाणी उंबरा ओलांडून येण्याची. ओलांडून, म्हणजे वरून. हे वरून आलेलं नाही. हे झिरपलेलं आहे. माझे अशील मानेदा यांचं पहिल्यापासून म्हणणंच होतं की पाणी झिरपावं. या घरात ते कुठे झिरपलं असेल, तर ते एवढंच.”

मासिमा हसायला लागल्या. हसता हसता मुडी सांडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “बौमा, त्या बर्गीला अंघोळ घाल. आणि घोषाल, तो कोट काढ, बघवत नाही.” बाबुआचा फोन आला तेव्हा त्यांनी काय सांगितलं ते आम्ही जिन्यात उभं राहून ऐकलं. “यंदा नाही,” त्या म्हणाल्या. तेवढंच. त्या संध्याकाळी वर मासिमांची खिचडी आली आणि सुलभानं तळलेला इलिश मासा खाली गेला. मी गरम पाण्यानं अंघोळ केली. भरपूर पाण्यानं. ते सगळं पाणी कुठे गेलं हे बघायलाही गेलो नाही.

तेव्हापासून नियम ठरला. फाल्गुनात बूच बसवायचं, कारण कोरड्या दिवसांत एखादी वावटळीची सर आली तर ती प्राजक्ताच्या मुळांना मिळावी, एवढं माणचं. जमाईषष्ठी झाली की बूच काढायचं. पुढचं सगळं कोकणचं. दर वर्षी मासिमांची अट कायम, आणि दर वर्षी पाणी पायरीखाली.

यंदा मात्र विधीच्या आधी आठवडाभर मला अन्न गोड लागत नव्हतं. बाबुआ आला होता. मासिमांची पेटी भरली जात होती. फाटकाशी प्रमोटरची गाडी दिसली. बाबुआ त्याच्याशी रस्त्यात उभा राहून बोलला. मी जिन्यात गाठलं तेव्हा म्हणाला, “आईच्या गुडघ्यांना तिथलं हवामान बरं. बघू, राहील तिकडेच.” मासिमांना विचारायचं धैर्य मला होईना. पाणी आलं नव्हतं. पाणी न येताच त्या चालल्या होत्या, याला घोषालदांकडेही युक्तिवाद नव्हता.

तरी त्या सकाळी खुर्ची अंगणात आली. सुलभानं ब्रेक दाबला. मी खाली उतरलो, दोरी ओढली, बूच निघालं. टाळ्या वाजल्या, पण वरून एकच माणूस वाजवतोय हे यंदा जास्तच जाणवलं. मी चेंबरमधून वर आलो तर मासिमांनी हात पुढे केला.

“दे.”

“काय?”

“बूच.”

मी दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि आपल्या पर्समध्ये, पानाचा डबा आणि गुडघ्याच्या गोळ्या यांच्या मधे, नीट बसवलं.

“मासिमा, फाल्गुनात ते लागेल.”

“म्हणूनच नेते. तुझा काय भरवसा? एखादं भाषण आठवलं की पावसातच बसवशील.” पर्सची चेन ओढत त्या म्हणाल्या, “मी आल्याशिवाय बसवायचं नाही.”

बाबुआ टॅक्सीत पुढे बसला होता. त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला गेलं. सुलभानं माझ्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे तिलाही गेलं.

काल त्यांचा फोन आला. इथे पाऊस धरला होता.

“विमानतळावर पर्स त्या यंत्रातून गेली,” त्या सांगत होत्या, “तर तिथली पोरगी विचारते, आजी, हे काय आहे?”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, माझ्या घराचं बूच आहे.”

“तिला काय कळलं?”

“काही नाही कळलं. बाबुआलाही नाही कळलं. रोज विचारतो, मा, हे टेबलावर का ठेवलंयस.” मग म्हणाल्या, “आवाज येतोय का पाइपचा? ऐकव बघू.”

मी छत्री घेतली, खाली गेलो आणि फोन चेंबरपाशी धरला. पाणी खळखळत गटारात चाललं होतं, स्वच्छ, भरपूर, कोणाच्याही कामी न येता. अण्णा असते तर वाळेपर्यंत बघत उभे राहिले असते. मी फोन आणखी खाली धरला, मासिमांना नीट ऐकू जावं म्हणून.